मुंबई हायमध्ये नव्या विहिरी, की तोच पैसा सौर-पवनला आणि बचतीला?

दर्याकाठ (प्रश्न)

अरबी समुद्रातलं मुंबई हाय हे तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडलं, मे १९७६ पासून तेल यायला लागलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तिथून दिवसाला पावणेपाच लाख बॅरलच्या आसपास तेल निघायचं, आता सव्वा ते दीड लाखाच्या दरम्यान. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक सेवेसाठी निवडलं आणि 'दहा वर्षांत तेल-वायू मिळून ६० टक्क्यांपर्यंत वाढ' हा आकडा सगळीकडे फिरला. इकडे देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो.

एक गट म्हणतो आपलंच तेल काढा, दुसरा म्हणतो तेल सोडा आणि सौरऊर्जा आणा, तिसरा म्हणतो वापरच कमी करा. मला घोषणा नकोत, हिशोब हवाय. खोदून नेमकं किती वाढतं? तोच पैसा पॅनेल आणि पवनचक्क्यांत घातला तर तेलाची आयात खरंच घटते का? आणि वापर कमी करायचा म्हणजे कोणी, कशात?

कातळखोद

आधी ते ६० टक्के. बहुतेक जण इथेच फसतात. ही वाढ आजच्या उत्पादनावर मोजलेली नाही. नवीन काहीच केलं नाही तर दहा वर्षांत जेवढं निघेल, ती पायारेषा धरून तिच्यावरची ही वाढ आहे. आणि ती रेषा उतरती असते. जुनं क्षेत्र हात न लावता सोडलं तर वर्षाला साधारण ७ टक्क्यांनी खाली येतं, म्हणजे दहा वर्षांत जवळपास निम्म्यावर. त्या दहा वर्षांची सरासरी काढली तर आजच्या पाऊणपटीला थोडी कमी भरते. समजा त्यावर तेल ४० टक्क्यांनी वाढवलं, तर पाऊण गुणिले १.४, म्हणजे आपण आज आहोत तिथेच उभे. गळक्या हौदात पाणी ओतून पातळी राखण्याचा प्रकार आहे हा. काहीच न करण्याच्या तुलनेत जादा मिळणारं तेल सरासरी दिवसाला ३५ ते ४० हजार बॅरल. देश दिवसाला साधारण ५५ लाख बॅरल पितो. टक्केवारी तुम्हीच काढा.

मग कठीण काय आहे? लोकांना वाटतं तेल संपलं. संपलेलं नाही, मूळ साठ्यातलं निम्म्याहून बरंच जास्त अजून दगडात आहे. मुख्य थर एल-थ्री नावाचा चुनखडीचा, समुद्रतळाखाली साधारण तेराशे मीटरवर. वर वायूची टोपी, बाजूने पाणी, मध्ये तेल. चुनखडी एकसारखी नसते. काही पट्टे चाळणीसारखे, काही घट्ट. थरातला दाब टिकवायला १९८४ पासून समुद्राचं पाणी आत ढकललं जातं, पण पाणी आळशी असतं, चाळणीच्या पट्ट्यातून सरळ उत्पादन विहिरीत येतं आणि घट्ट भागातलं तेल जागच्या जागी राहतं. त्यामुळे आज वर येणाऱ्या द्रवात पाणीच जास्त. नवी विहीर खोदता येते हो, पण तिच्यासोबत येणारं पाणी वेगळं करायला प्लॅटफॉर्मवर जागा, सेपरेटर (तेल, पाणी, वायू वेगळे करणारी टाकी) आणि ते पाणी वर उचलायला विहिरीत सोडायचा गॅस-लिफ्टचा वायू कुठून आणणार? खरी अडचण खोदाईत नाही, वरच्या लोखंडात आहे.

ढकलायच्या पाण्याचंही सोपं नाही. ते गाळावं लागतं, त्यातला ऑक्सिजन काढावा लागतो, जिवाणूनाशक मारावं लागतं. यातलं एक चुकलं की सल्फेट खाणारे जिवाणू पाइपात घर करतात, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, नळीला आतून खड्डे पडतात, गळती होते, पाणी ढकलणं थांबतं, दाब उतरतो. दाब ठरावीक रेषेखाली गेला की तेलात विरघळलेला वायू थरातच सुटतो आणि तेलाच्या पुढे पळतो. एकदा तसं झालं की ते तेल परत मिळवणं महाग पडतं. म्हणून बाहेरून बोलावलेल्या तंत्रज्ञांचं मोठं काम नव्या विहिरी नाही, पाणी कुठे ढकलायचं आणि कुठली विहीर बंद करायची हे ठरवणं आहे.

स्वस्तातला मार्ग म्हणजे साइडट्रॅक. जुन्या विहिरीच्या केसिंगमध्ये (पोलादी अस्तरनळीत) व्हिपस्टॉक, म्हणजे ड्रिल वळवणारी तिरकी पाचर, बसवून खिडकी पाडायची आणि आडवी नवी शाखा घट्ट पट्ट्यात न्यायची. प्लॅटफॉर्म तोच, जागा तीच. खोली ७५-९० मीटर असल्याने पाय रोवून उभे राहणारे जॅक-अप रिग चालतात. मात्र रिग एका जागेवरून दुसरीकडे हलवायचं काम पावसाळ्याआधी किंवा नंतरच. जूनमध्ये रिग चुकीच्या जागी अडकलं तर चार महिने तिथेच.

माझं मत: हे काम करायलाच हवं, कारण प्लॅटफॉर्म आणि उरणपर्यंतची पाइपलाइन आधीच आहे. पण 'आयात संपेल' असं कोणी सांगत असेल तर त्याला पायारेषा विचारा.

तेहतीस केव्ही

दुसऱ्या प्रश्नावर. तेल आणि सौर पॅनेल यांची गाठ वीजकेंद्रात पडतच नाही. भारतात तेलापासून वीज जवळपास होत नाही, वीज कोळशावर चालते. उद्या दहा हजार मेगावॅट सौर बसवलं तर कोळसा वाचेल, डिझेलचा एक थेंब वाचणार नाही. 'खोदाई की सौर' हा वाद टीव्हीवर बरा दिसतो, पण दोघं मैदानात समोरासमोर येतात फक्त तीन ठिकाणी: चाकाशी, पंपाशी आणि चुलीशी. तिथे मोटर किंवा शेगडी बदलली तरच.

म्हणून कातळखोद यांच्या आकड्याला चाकाच्या भाषेत आणू. ३८ हजार बॅरल, बॅरलला १५९ लिटर, म्हणजे दिवसाला ६० लाख लिटर कच्चं तेल. बारा मीटरची वातानुकूलित शहर बस लिटरला अडीच किमी देते, रोज २०० किमी धावली तर ८० लिटर डिझेल. ७५ हजार बस विजेवर नेल्या की ६० लाख लिटर डिझेल वाचलं. (कच्च्या तेलातून सगळं डिझेल निघत नाही, अंदाजे दोन पंचमांश निघतं. म्हणजे तुलना बसच्या बाजूने अजून झुकते.)

त्या बसला वीज किती? किमीला १.३ युनिट धरा, रोज २६० युनिट. ७५ हजार बसना, गळती धरून, दिवसाला सव्वादोन कोटी युनिट. एक मेगावॅट सौर वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार-साडेचार हजार युनिट देतो. म्हणजे पाच हजार मेगावॅटच्या थोडं वर, मेगावॅटला चार-पाच कोटींच्या हिशोबाने वीस-पंचवीस हजार कोटी, आणि चार-पाच एकरांप्रमाणे वीस हजार एकरांहून जास्त जमीन. बसचे पैसे वेगळे, आणि तेच मोठे. अशक्य नाही, पण फुकटही नाही.

भरती-ओहोटी

खोदाईच्या खर्चात हेही धरा: २७ जुलै २००५, मदत करणारं जहाज रायझरला (समुद्रतळातून प्लॅटफॉर्मवर येणाऱ्या उभ्या नळीला) आदळलं, मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म जळून गेला, २२ जण गेले. मे १९९३ मध्ये उरणकडे येणारी मुख्य तेलवाहिनी फुटली होती. मे २०२१ च्या ताउते वादळात पी-३०५ बार्ज बुडाला, तोही मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रांत कामावर असलेल्यांचा.

मात्र किनाऱ्यावर पावसाळ्यात येणारे डांबराचे गोळे सगळे विहिरींचे नाहीत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तपासलेल्या गोळ्यांत मुंबई हायच्या तेलाशी जुळणारेही निघाले आणि परदेशी कच्च्या तेलाचेही, म्हणजे टँकर धुतल्याचे. उद्या खोदाई बंद केली तर आयात वाढेल, टँकर वाढतील. समुद्राच्या नावाने खोदाईला विरोध करणाऱ्यांनी हा मुद्दा वगळू नये.

दर्याकाठ

पायारेषेचं कोणीच सांगत नाही, आभार. पण तेहतीस केव्ही, तुम्हीच म्हणता वीज कोळशाची. मग ई-बस म्हणजे धूर शहरातून काढून चंद्रपूरला पाठवणं झालं नाही का? आणि इथेनॉलबद्दल कोणी बोललंच नाही.

तेहतीस केव्ही

बरोबर पकडलंत. हिशोब गाडीगणिक वेगळा येतो.

स्कूटर: लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. ४५ किमीला भागा, किमीला ५० ग्रॅम. विजेची स्कूटर युनिटला ३० किमी, आपल्या वीजजाळ्यातलं युनिट साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइडचं, गळती धरून किमीला २९-३० ग्रॅम. स्पष्ट फायदा, कारण गर्दीत छोटं पेट्रोल इंजिन अगदीच वाया घालवतं.

वातानुकूलित बस: डिझेल लिटरला २.६८ किलो, किमीला १.०७. विजेची बस १.३ युनिट, गळतीसकट १.१ च्या आसपास. म्हणजे शून्य फायदा! मोठं डिझेल इंजिन बऱ्यापैकी कार्यक्षम असतं म्हणून. तेलाची आयात वाचते, रस्त्यावरचा धूर आणि आवाज जातो, पण हवामानाचा फायदा हवा असेल तर बस कधी चार्ज होते ते महत्त्वाचं. रात्री डेपोत उभी बस कोळसाच खाते.

यावर उपाय वेळापत्रकात आहे. दुपारी १२ ते ३ गर्दी कमी असते, तेव्हा प्रत्येक बसला ४५ मिनिटं १२० किलोवॅटच्या चार्जिंग गनवर लावली की ९० युनिट, दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा थेट उन्हातून. सकाळच्या फेऱ्या संपल्यावर सगळ्या बस एकदम आणू नका, टप्प्याने आणा.

डेपोतली ठरलेली चूक सांगतो. ३० बस, ३० गन, प्रत्येकी १२० किलोवॅट, म्हणून ३,६०० किलोवॅटचा भार मागितला जातो. मग त्यासाठी ३३ केव्हीची (३३ हजार व्होल्टची) लाइन, तिच्यासाठी रस्ता खोदायची परवानगी, आणि बस येऊन उभ्या राहिल्या तरी वीज नाही. प्रत्यक्षात ३० बसना रात्रभरात लागतात ७,८०० युनिट. अकरा ते पाच, सहा तासांत भागा: १,३०० किलोवॅट. चार्जर आळीपाळीने चालवणारं नियंत्रण बसवलं तर दीड मेगावॅटमध्ये भागतं. उच्चदाब ग्राहकाला महिन्यातल्या सर्वोच्च मागणीवर केव्हीएप्रमाणे (मागणी मोजायचं एकक) आकार बसतो, त्यामुळे एखाद्या रात्री नियंत्रण बंद पडून सगळ्या गन एकदम सुरू झाल्या तरी पूर्ण महिन्याचं बिल फुगतं. नियंत्रणाला स्वतंत्र यूपीएस द्या. स्वस्त आहे.

इथेनॉल: लिटरमागे त्यात पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा. २० टक्के मिसळलं की लिटरची ऊर्जा ७ टक्क्यांच्या आसपास घटते, तेवढंच अंतर जायला जास्त इंधन लागतं. नुसत्या ऊर्जेच्या हिशोबाने पेट्रोल वाचतं साधारण १४ टक्के, २० नाही. उसाच्या पाण्याचा विषय काढला तर हा धागा कोल्हापूर-सोलापूरपर्यंत पोहोचेल, म्हणून थांबतो.

मंद आच

चुलीचा हिशोब राहिला. स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त आपण आयात करतो, त्यामुळे हा विषय 'बायकांचा' म्हणून सोडू नका.

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांएवढी उष्णता असते. शेगडी चांगली असेल तर त्यातली दोन तृतीयांश भांड्यात जाते. इंडक्शनची सुमारे ८५ टक्के. म्हणजे एका सिलिंडरचं काम १४० युनिटांत. आता धक्का: सिलिंडर जळून सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, आणि जाळ्यातली १४० युनिटं म्हणजे १०० किलो. वरून घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटांचे टप्पे आहेत, ते ओलांडले की दर उडी मारतो. म्हणून छतावर पॅनेल नसताना गॅस सोडून पूर्ण इंडक्शनवर जा असा सल्ला मी देणार नाही. एक किलोवॅट पॅनेल महिन्याला सरासरी १२० युनिट देतो, म्हणजे जवळजवळ एक सिलिंडर. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार, तीन किलोवॅट आणि वर एकूण ७८ हजार अनुदान आहे. कोकणात जुलै-ऑगस्टला उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं. नेट मीटरिंगमध्ये (पॅनेलची जादा वीज जाळ्यात देऊन ती बिलातून वजा होते) एप्रिल-मेची जमा युनिटं पावसाळ्यात वापरता येतात, कारण हिशोब मार्चअखेर मिटतो.

इंडक्शन घेतलाच तर: दोन हजार वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर. ६ अँपिअरच्या पिनला लावलात तर प्लग वितळतो. १६ अँपिअरचं सॉकेट, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, अर्थिंग. भांड्याला खालून लोहचुंबक चिकटला पाहिजे. अॅल्युमिनियमचा जुना कुकर चालत नाही. गोल बुडाची कढई आणि आचेवर फुगवायचा फुलका यांच्यासाठी एक बर्नर ठेवावाच लागतो. भाकरीचं तेच.

आणि काही न विकत घेता होणारी बचत: तूरडाळ अर्धा तास भिजवून कुकरला, पहिली शिट्टी झाली की आच मंद. पूर्ण आचेवर शिट्ट्या मोजत बसणं म्हणजे वाफेला पैसे देणं. ज्योत पिवळी दिसली, भांडं काळं पडलं, तर बर्नरची भोकं सुईने साफ करा. गॅस अर्धवट जळतोय.

टपावरचा माल

'वापर कमी' म्हटलं की सगळे स्कूटर आणि स्वयंपाकघर बघतात. देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलियम पदार्थांत डिझेलच ४० टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्याचा मोठा वाटा मालवाहतूक खाते. तिथे बघा.

कोकण रेल्वेची रो-रो सेवा १९९९ पासून आहे. भरलेला ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढवायचा, कोलाडला चढला की वेर्णा किंवा सुरतकलला उतरायचा. मार्च २०२२ मध्ये ७४१ किमीचा पूर्ण मार्ग विजेवर झाला, म्हणजे तो ट्रक आता डिझेलशिवाय घाट ओलांडतो. लिटरला चार किमी देणारा ट्रक कोलाड-वेर्णा चारशेहून जास्त किमी रस्त्याने गेला तर शंभरावर लिटर जाळतो. चाळीस ट्रकची गाडी धरली तर एका खेपेला चार हजार लिटर. हा विहिरीचाच आकडा आहे, फक्त जमिनीवरचा.

मग सगळे का जात नाहीत? वर पंचवीस हजार व्होल्टची तार असल्याने ट्रकच्या उंचीला मर्यादा, ताडपत्रीखाली फुगवून भरलेला माल नाकारला जातो. गाडी भरेपर्यंत थांबावं लागतं, आणि मालकाला तासाचा खोळंबा डिझेलपेक्षा महाग वाटतो. वेळापत्रक ठरलेलं ठेवलं, अर्धी भरली तरी सोडली, तर ट्रकवाले येतात. जेएनपीटीच्या कंटेनरचंही तसंच: दिल्लीकडे जाणारा मालवाहतुकीचा स्वतंत्र मार्ग बांधताना वैतरणा ते जेएनपीटी हा बंदराचा तुकडाच सगळ्यात शेवटी ठेवला गेला.

ट्रक रस्त्यानेच जाणार असेल तर वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ६० वरून ८० वर गेलात की तो पावणेदोन पटींहून जास्त. केबिनच्या टपावरचा तिरका पत्रा शोभेचा नाही, तो काढून ठेवू नका. टायरची हवा गार असताना, सकाळी निघण्याआधी तपासा. गरम टायरवर मोजलेला आकडा नेहमी जास्त दिसतो आणि लोक हवा कमी करून मोकळे होतात. मग टायरही तापतो आणि डिझेलही जास्त जळतं.

दर्याकाठ

म्हणजे तेलासाठी खोदाई फक्त घसरण थांबवते, आणि खरं तेल ट्रक-बसमध्ये दडलंय. मग मुंबई हायच्या वायूचं काय? तो सोडून द्यायचा?

कातळखोद

मुळीच नाही. मी खोदाईच्या बाजूने असण्याचं खरं कारण वायूच आहे. उरणला आलेल्या वायूतून आधी एलपीजी आणि इथेन-प्रोपेन वेगळं होतं, इथेन-प्रोपेन नागोठण्याच्या प्लास्टिक उद्योगाला जातं. उरलेल्यावर थळच्या खत कारखान्याचा युरिया, मुंबईचा पाइप गॅस आणि सीएनजी. युरियाला पॅनेल लावून चालत नाही, त्याला हायड्रोजन लागतो आणि आज तो वायूतूनच येतो. त्यामुळे विहीर निवडताना नुसतं तेल बघू नये. आणि उरणचं ६७२ मेगावॅटचं वायूवरचं वीजकेंद्र आहेच, संध्याकाळी सूर्य गेल्यावर तेच कामाला येईल.

तेहतीस केव्ही

शेवटचं सोडून बाकी मान्य. उरणच्या टर्बाइनमागे वाफेचा संच आहे, तो थंड पडलेला असेल तर पूर्ण भारावर यायला काही तास जातात. संध्याकाळी सात वाजता लागणाऱ्या विजेसाठी दुपारपासून वायू जाळत बसावं लागेल, तेही ऊन फुकट मिळत असताना. तो वायू थळला द्या. संध्याकाळसाठी १,९६० मेगावॅटचं कोयना काही मिनिटांत भारावर येतं. तिथे पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) एवढंच, म्हणून ते दुपारी वाया घालवायचं नाही. घाटघरचे २५० मेगावॅट दुपारी पाणी वर चढवून संध्याकाळी सोडू शकतात. पावसाळ्यात ऊन कमी होतं तेव्हाच पाटण, चाळकेवाडी, धुळ्याकडे वारा जोरात असतो, पण पाटण-चाळकेवाडीतल्या बऱ्याच जुन्या चक्क्या अडीचशे-साडेतीनशे किलोवॅटच्या आहेत आणि उत्तम वाऱ्याच्या जागा त्यांनीच अडवल्यात. त्या जागी दोन-तीन मेगावॅटच्या उभ्या करायच्या तर घाटातल्या वळणांवरून साठ मीटरचं पातं नेणं आणि शेतातून जाणाऱ्या जुन्या लाइनची क्षमता वाढवणं या दोन गोष्टी आधी सोडवाव्या लागतील. यावर कोणाला वेगळा धागा काढायचा असेल तर पात्याच्या वाहतुकीपासून सुरुवात करू.